बाकी पाच

वडगाव, बेळगाव
१४ जून २०२३

अण्णा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते आणि लिहायला घेते. तुम्ही इस्पितळातून बोरगावला घरी आलात हे जोतिबानं फोनवर सांगितलं. म्हणाला, "मास्तर बरे हायत, पर बोलत न्हाईत." मी म्हटलं, अरे, गळ्यातली बोलायची पेटीच काढलीय त्यांची, बोलतील कसे? तर म्हणतो, "तसं न्हाय आक्का, पाटीवरबी कायच लिवत न्हाईत." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्हाला फोनवर बोलता येत नाही, आणि आमच्या घरात खालच्या दोन मागांच्या खडखडाटात मला काही ऐकू येत नाही. तेव्हा आता पत्रच. तुम्हीही लिहा, चार ओळी का होईना.

आमच्या भजनी मंडळानं तुमच्यासाठी लिखित जप धरायचा ठरवलाय. वहीत 'दत्त' 'दत्त' असं लिहीत जायचं. गुरुपौर्णिमेला आरंभ, दत्तजयंतीला सगळ्या वह्या नरसोबाच्या वाडीला नेऊन पादुकांपुढं ठेवायच्या. आम्ही सोळा जणी आहोत. कुणी किती लिहिलं ते दर गुरुवारी मांडून ठेवायचं काम नेहमीसारखं माझ्याकडे.

मंडळाचा नियम तुम्हाला माहीत नसेल. संकल्पात सगळ्यांचा वाटा सारखा, एका नावाचाही फरक चालत नाही. मागच्या खेपेला सव्वा लाखाचा संकल्प होता, बारा जणी होतो. भाग गेला नाही, आठ नावं उरली. ती आमच्या बायाक्कानं लिहिली आणि वर्षभर आम्हाला ऐकवलं, "माझी आठ जास्ती हायत, आरतीचं ताट आदी माझ्याकडं." पंचाहत्तर वर्षांची बाई, तिला बोलायचं कुणी? तेव्हापासून मीच नियम घातला, की उरता कामा नये.

म्हणून तुमच्याकडे मागणं. असा एक मोठा आकडा काढून द्या की मध्येच कुणी गळाली, कुणाचं दुखणंखुपणं निघालं, तरी राहिलेल्या जणींत तो सारखा वाटला जावा. चौदा राहू देत नाहीतर अकरा राहू देत. मी मॅट्रिक झालेली बाई, मला एवढं जमत नाही. तुम्ही छत्तीस वर्षं गणित शिकवलंत.

एक विचारू का? स्वरूपाला तुमचं दुखणं कळवू? ती मच्छ्याला राहते, इथून काही लांब नाही. अकरा वर्षं झाली अण्णा. एकुलती एक पोर तुमची. युवराज आपल्यातला नव्हता, एवढंच ना?

जया


बोरगाव
२० जून २०२३

जये,

पाटीवर लिहीत नाही, कारण जोतिबाचा चष्मा फुटला आहे. 'मीठ कमी टाक' असं लिहिलं तर तो लांब धरून बघतो, 'बरं' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी आमटी तेवढीच खारट. एरवी माणूस सोन्यासारखा आहे. शेजारी असून दोन्ही वेळचं जेवण आणून देतो. माझ्या गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. चाळीस वर्षं निपाणीची तंबाखू गालात धरली, तिनं आवाज घेतला. तक्रार करायला जागा नाही.

तुझा आकडा घे: ७,२०,७२०.

हा मी कसा काढला ते सांगतो, म्हणजे बायांना समजावता येईल. सोळा, नऊ, पाच, सात, अकरा आणि तेरा, एवढे घेऊन एकमेकांनी गुणले. एकपासून सोळापर्यंतच्या प्रत्येकाची सोय त्यात झाली. बाराला सोळातला चार आणि नवातला तीन मिळतो, चौदाला दोन आणि सात मिळतात. सोळापर्यंत सगळ्यांनी भाग जाईल असा याहून लहान आकडा नाही. सोळा जणी असाल तर प्रत्येकीला ४५,०४५. पंधरा राहिल्या तर ४८,०४८. बारा राहिल्या तर ६०,०६०, दहा राहिल्या तर ७२,०७२. बघ कसे पुन्हा पुन्हा तेच आकडे येतात. कारण पोटात एक हजार एक दडलेला आहे, सात गुणिले अकरा गुणिले तेरा. अंकांची बेरीज अठरा, म्हणजे नऊ. तुझ्या देवालाही पसंत पडावा.

किती दिवसांनी गणित केलं. त्या तासाभरात गळा आठवला नाही.

आता दुसरं. ते नाव पत्रात पुन्हा आणू नकोस. मी ते अकरा वर्षांपूर्वी पुसलं आहे. तिची आई गेली तेव्हा ती दाराशी येऊन उभी होती, मी कडी काढली नाही. आता स्वतःच्या गळ्याला भोक पडल्यावर कडी काढली, असं लोकांनी म्हणायला नको. माझं दुखणं तिला तुझ्याकडून कळलं, तर मला बहीण नव्हती असं समजेन.

अण्णा


वडगाव
८ जुलै २०२३

अण्णा,

तुमचा आकडा मंडळात वाचून दाखवला तेव्हा बायाक्का म्हणाली, "मास्तरानं आकडा काडलाय का दागिना घडवलाय गं?" गुरुपौर्णिमेला नारळ फोडून आरंभ केला. वहीच्या पानावर पट्टीनं नऊ उभे रकाने आणि अकरा ओळी आखल्या, म्हणजे पानाला नव्व्याण्णव घरं. एका घरात एक 'दत्त'. प्रत्येकीची ४५५ पानं झाली की वाटा पुरा, एक घर कमी नाही की जास्त नाही. रोज तीन पानं लिहिली तर दत्तजयंतीच्या बऱ्याच आधी संपतं. मी पहाटे पूजेनंतर लिहिते. यांनी माग सुरू करायच्या आत माझी तीन पानं झालेली असतात.

एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. गुरुवारी देवळात वह्या तपासायला बसलो होतो, तेवढ्यात एक बाई आली. बाहेरची. तिला दिपालीकडून कळलं होतं. दिपाली म्हणजे आमच्यातली सगळ्यांत धाकटी. ती बाई म्हणाली, "मलाबी लिहायचंय." बायाक्का सरकून बसली, "ये की, बस. वही आनलीस?"

मी तिथंच सगळ्यांसमोर सतरानं भाग मांडला. प्रत्येकीला बेचाळीस हजार तीनशे पंच्याण्णव येतात आणि बाकी पाच उरते. बायाक्का म्हणाली, "पाचच न्हवं? मी लिवते की!" दिपाली म्हणाली, "म्हंजी आनी वरीसभर आरतीचं ताट तुझ्याकडं!" सगळ्या हसल्या. ती बाई हसली नाही. म्हणाली, "मी लिहिते ती पाच. जास्तीची म्हणून न्हाय. कुणाला सांगणार बी न्हाय."

मी म्हटलं, नियम तो नियम, हा आकडा सोळाचा आहे. तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "आकडा कुणी काढला?" मी म्हटलं, माझ्या भावानं. मग ती उंबऱ्याला हात लावून निघून गेली. नावगाव काही विचारलं नाही मी.

माझं चुकलं नाही ना? बायाक्का त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही.

जया


बोरगाव
१७ जुलै २०२३

जये,

तू बरोबर केलंस. शाबास.

सतरा ही मूळ संख्या आहे, तिला दुसऱ्या कुणाच्या पोटात जागा मिळत नाही. सतराव्या बाईला घ्यायचं तर अख्खा आकडा सतरापट करावा लागेल, म्हणजे १,२२,५२,२४०. एका बाईसाठी एवढा पसारा कोण मांडणार? आणि पाच नावं कुणीतरी जास्त लिहिली की तुमच्यात पुन्हा ताट आधी कुणाकडे हे सुरू. बाई भाविक असेल, दुःखीही असेल. पण संख्येला माणसाचं तोंड बघून बदलता येत नाही. म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवता येतो. माणसांवर ठेवून मी काय मिळवलं?

बायाक्काला सांग, मास्तरांनी उत्तर तपासलं, बरोबर निघालं.

इस्पितळात किरण घ्यायचे तेवीस हेलपाटे झाले, अजून सात. तोंड कोरडं पडतं, अन्न चिखलासारखं लागतं. तुझी पोस्टाची पाकिटं आली की जोतिबा दारातूनच ओरडतो, "मास्तर, बेळगाव!" बरं वाटतं.

अण्णा


मच्छे
२४ जुलै २०२३

आत्या,

तुझ्या घरी फोन मामाच उचलतात आणि माझा आवाज ऐकला की ठेवतात, म्हणून पत्र लिहिते. दिपालीच्या हातून येईल. तिचा नवरा आणि युवराज एकाच कारखान्यात आहेत. आप्पांचं दुखणंही मला तिच्याचकडून कळलं. तिला बोलू नकोस.

त्या दिवशी तू मला ओळख दिली नाहीस, त्याचा राग नाही. तुझ्यावर आप्पांनी काय शपथ घातली असेल ते मला कळतं. पण तू सतरानं भाग घालायला लागलीस तेव्हाच मला उत्तर माहीत होतं. तुझ्या कागदावरचा आकडा बघितल्याबरोबर ओळखलं, हा आप्पांचा. लहानपणी ते मला म्हणायचे, मनात कुठलीही तीन आकडी संख्या धर, ती शेजारी पुन्हा लिही. आता सातनं भाग, मग अकरानं, मग तेरानं. काय उरलं? धरलेली संख्याच परत. मला वाटायचं माझ्या बापाला जादू येते. मी शाळाभर ती जादू करत फिरायची. आता माझा लेक करतो. त्याला ती कुणाची हे माहीत नाही.

आत्या, मी घरीच लिहायला घेतलंय. तुमच्यासारखीच पानं आखली, नऊ रकाने, अकरा ओळी. माझा वाटा बेचाळीस हजार तीनशे पंच्याण्णव. तुझ्या मांडणीत धरू नकोस, कुणाला दाखवू नकोस. फक्त दत्तजयंतीला वाडीला जाताना माझ्या वह्या सोळा जणींच्या खाली ठेवशील का? सगळ्यांत खाली चालेल.

आणि एवढं लिही, की आप्पा जेवतात का.

स्वरूपा


वडगाव
२ ऑगस्ट २०२३

स्वरूपा,

तुझं पत्र मिळालं. पुन्हा दिपालीच्या हातून पाठवू नकोस, बायकांत चर्चा होते.

तुझे आप्पा जेवतात. डॉक्टर बरे होतील म्हणतात. तुझं नाव जरी त्यांच्या कानावर गेलं, तरी हातातला घास खाली ठेवतील, एवढं ध्यानात ठेव. तुला खरंच त्यांचं भलं हवं असेल तर लांबच राहा.

वह्या मी नेऊ शकत नाही. संकल्प सोडला तो सोळा जणींच्या नावानं. त्यात नसलेलं लिखाण पादुकांपुढं ठेवून मी देवाला काय सांगू? वाया जाईल. वेळ घालवू नकोस, तुला घर आहे, लेकरू आहे.

त्याला माझा आशीर्वाद सांग. म्हणजे सांगू नकोस, मनातच दे.

आत्या


बोरगाव
१६ ऑक्टोबर २०२३

जये,

गाठ परत आली आहे. डाव्या बाजूला, कानाखाली. डॉक्टर इंग्रजीत बोलले, त्यांना वाटलं मला कळत नाही. महिने नाही, आठवडे म्हणाले. मी पाटीवर लिहिलं, 'किती आठवडे?' त्यांनी ते वाचलं आणि पाटी पुसून परत दिली. इतक्या मुलांच्या पाट्या मी पुसल्या. माझी कुणी पुसली ही पहिलीच वेळ.

जपाचं वाईट वाटून घेऊ नकोस. लिहिणं थांबवायचं तर थांबवा.

आता पडल्या पडल्या एक गोष्ट सारखी मनात येते. ती सतरावी बाई. मी तुला शाबासकी दिली आणि विसरलो होतो. पण ती म्हणाली होती ना, 'मी लिहिते ती पाच, कुणाला सांगणार नाही'? परक्या माणसासाठी असं कोण बोलतं? पुन्हा आली का कधी? कोण होती? तुमच्या कुणाच्या ओळखीची असेल तर मला कळव. तिला दोन ओळी लिहाव्या वाटतात.

अण्णा


वडगाव
२२ ऑक्टोबर २०२३

अण्णा,

आज तुमचं पत्र पदराखाली धरून देवापुढं दोन तास बसले. खोटं लिहायला पेन उचललं होतं. उचललं ते ठेवून दिलं.

ती स्वरूपा होती.

मी तिला देवळाच्या पायरीवरच ओळखलं. पोर वाळलीय, पण चालणं तिच्या आईचंच. ती 'आत्या' म्हणणार एवढ्यात मी डोळ्यांनी दटावलं, म्हणून तिनं मला हाक मारली नाही. बायका होत्या सगळ्या, तुमची शपथ होती, मला काय करावं सुचेना. मग मी तुमच्या आकड्याच्या आड लपले. भाग मांडायची काही गरज नव्हती अण्णा, माझा नकार आधीच ठरला होता. पाच उरले आणि मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, बरं झालं, मी नाही म्हणत नाही, आकडा म्हणतोय.

ती तुमच्यासाठी लिहायला आली होती. तुम्ही जगावं म्हणून. नंतर तिचं पत्र आलं होतं, आप्पा जेवतात का म्हणून विचारत होती. मी तिला तोडून लिहिलं.

तुम्ही मला बहीण मानू नका हवं तर. पण पोरीला एकदा दार उघडा.

जया


बोरगाव
३१ ऑक्टोबर २०२३

जये,

पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर लावून घे.

मी तुला शाबास म्हटलं. ते पत्र जाळून टाक.

तीन दिवस तो भागाकार करतोय. दर खेपेला बाकी पाच. पाच नावं लिहायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं. माझ्या या हातानं, अर्धा मिनिट.

मी लिहिलं होतं की सतराला दुसऱ्या कुणाच्या पोटात जागा मिळत नाही. ते खरं आहे. पण अकरालाही मिळत नाही, तेरालाही नाही. त्याही सतरासारख्याच एकट्या. त्यांना मी हातानं धरून आत घेतलं, म्हणून त्या आत आहेत. सतराच्या दाराशी मी थांबलो. आकड्याचा काही दोष नाही, तो बिचारा मी सांगेन तेवढ्यांना घेतो. हे मला, छत्तीस वर्षं गणित शिकवणाऱ्याला, कळायला हवं होतं.

तिचा वाटा बेचाळीस हजार तीनशे पंच्याण्णव. तुमचा प्रत्येकीचाही तेवढाच. उरलेले पाच मी लिहितो. तो माझा वाटा. म्हणजे बरोबर पुरा होतो, तूच मांडून बघ.

तिला आण. लवकर आण. जोतिबाला सांगून ठेवलंय, कडी लावायची नाही.

अण्णा


वडगाव
२० नोव्हेंबर २०२३

स्वरूपा,

त्या दिवशी बोरगावच्या नदीवर तू आलीस तेव्हा चितेला अग्नी देऊन झाला होता. तू लांबच उभी राहिलीस, माझ्याशी बोलली नाहीस, आणि तशीच परत गेलीस. मला बोलायचं होतं. म्हणून हे लिहिते. तुझ्या आप्पांचं शेवटचं पत्र सोबत घातलंय, ते आधी वाच आणि मग माझं.

वाचलंस? त्यावरची तारीख बघितलीस? ते मला चार नोव्हेंबरला मिळालं. 'लवकर आण' असं त्यात लिहिलंय. मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बायकांना आता सरकारी गाडीला तिकीटसुद्धा लागत नाही, सकाळी निघालो असतो तर दुपारी तुम्ही बापलेक समोरासमोर असता.

का नाही सांगितलं ते ऐक. अकरा दिवसांवर भाऊबीज होती. माझ्या मनानं घेतलं, ओवाळायचं ताट हातात घेऊन जाईन, मागं तुला उभी करीन, अण्णा म्हणतील जयेनं यंदा काय ओवाळणी आणली. इतक्या महिन्यांचं माझं पाप त्या एका ताटात झाकून जाईल, असं मला वाटलं. फराळाचे डबे बांधले. तुझ्या लेकासाठी शर्टाचं कापड आणलं. पाडव्याच्या सकाळी यांना ओवाळत होते, तेव्हा जोतिबाचा फोन आला. खाली माग बंद होते म्हणून पहिल्याच हाकेला सगळं ऐकू आलं. "आक्का, मास्तर गेलं. दार उघडंच हाय."

उद्याची भाऊबीज होती गं.

घर आवरताना उशीखाली पाटी सापडली आणि पाटीखाली फुलस्केपचं एक पान. त्यावर नऊ रकाने, अकरा ओळी, पट्टीनं आखलेले. पट्टी दोन ठिकाणी घसरलीय. पहिल्या ओळीतली पाच घरं भरलेली, पाच वेळा 'दत्त'. पाचव्यातला त्त खाली ओघळलाय. पुढची घरं कोरी. पाठीमागं भागाकार मांडलाय आणि बाकीच्या पाचाभोवती गोल केलाय, शाळेत मुलांचं उत्तर बरोबर आलं की करायचे तसा.

गुरुवारी मी मंडळात सगळं सांगितलं. माझं कुणी सांत्वन केलं नाही, ते बरंच झालं. बायाक्का एवढंच म्हणाली, "मी म्हनत हुते न्हवं, घ्या तिला? पाच मी लिवते म्हनून?" आणि पदरात तोंड घालून रडली. मग सगळ्यांनी ठरवलं, सोळाही जणींनी बेचाळीस हजार तीनशे पंच्याण्णववर थांबायचं. म्हणजे चारशे अठ्ठावीस पानं पुरी, आणि शेवटच्या पानावर तिसऱ्या ओळीतलं पाचवं घर. तिथं पेन ठेवायचं. त्यापुढं तुझा वाटा, आणि तुझ्या आप्पांचे पाच लिहून झालेलेच आहेत. मी तीनदा मांडून बघितलं. सात लाख वीस हजार सातशे वीस, बरोबर.

तू जुलैत लिहायला घेतलं होतंस. तुझ्या वह्या घेऊन ये. सव्वीस डिसेंबरला दत्तजयंती आहे. तुझ्या वह्या सगळ्यांत वर ठेवीन, माझ्या डोक्यावरून वाडीला नेईन. तुझी जागा सोडून बसलोय.

आत्या


मच्छे
२९ नोव्हेंबर २०२३

आत्या,

तुमचं पत्र आणि आप्पांचं पत्र, दोन्ही मिळाली.

वह्या नाहीत. सत्याऐंशी पानं झाली होती, आठ हजार सहाशे तेरा. ऑगस्टमध्ये तुमचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की वाया जाईल. त्या दिवशी थांबले. कोरी पानं लेकाला गृहपाठाला दिली, लिहिलेली मडक्यात घालून वर ठेवली आहेत. तेव्हा तुमचा आकडा पुरा होणार नाही. देवाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. बायाक्कांना माझा नमस्कार सांगा. त्या दिवशी त्या सरकून बसल्या होत्या, ते मी विसरणार नाही.

मी वाडीला येणार नाही. मला त्या मांडणीत घ्यायला माझा बाप जावा लागला. आता जागा आहे म्हणून येऊन बसणं मला जमायचं नाही. तुम्हाला दोष देत बसत नाही. आप्पांनी दार उघडं ठेवायला अकरा वर्षं घेतली, तुम्ही अकरा दिवस. युवराज म्हणतो, जाऊ दे. बघू.

काल लेकानं विचारलं, आई, हजार एकाची जादू तुला कुणी शिकवली? मी नाव सांगितलं. त्यानं ते पाटीवर लिहून काढलं, आण्णाप्पा, आणि विचारलं, दोन ण ना?

एकच मागणं आहे. आप्पांचं ते पान मला द्या. त्यावर पाच घरं भरलेली आहेत आणि चौऱ्याण्णव कोरी. मी सहाव्या घरापासून लिहीन. किती लिहीन ते ठरवलेलं नाही आणि कुणी मोजू नये.

रजिस्टरनं पाठवा, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. घडी घालू नका.

स्वरूपा